विश्रामबाग वाड्याचे दार

आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीचे पुढे काय करावे, असे संस्थेने माजी विद्यार्थ्यांना विचारले आहे. म्हणून या स्मरणिकेत आठवणींऐवजी शाळेच्या वाटेवरच्या एका वाड्याबद्दल लिहिते. बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्यापुढे हाच प्रश्न अनेकदा आला आहे.

दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास तो राहण्यासाठी बांधला. दर्शनी बाजूचे कोरीव सागवानी सुरूदार खांब आपण सर्वांनीच येता-जाता पाहिले आहेत. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि वाड्याचा धनी पुणे सोडून गेला.

पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या निधीतला काही भाग वळवून इंग्रजांनी ६ ऑक्टोबर १८२१ रोजी वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. प्रवेश फक्त ब्राह्मण मुलग्यांना. पुढे मेजर थॉमस कँडी तिचे प्रमुख झाले. मराठीत विरामचिन्हे रुजवणारे हेच कँडी. तेव्हा स्वल्पविराम विसरल्याबद्दल आपण बाईंची जी बोलणी खाल्ली, त्याचे मूळ या वाड्यापर्यंत जाते! १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. जातीची अट गेली, तरी उंबरा ओलांडणारे बराच काळ मोजकेच होते आणि मुली तर नव्हत्याच. १८६४ मध्ये त्याचे नाव डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. वाड्यात सरकारी हायस्कूल भरत राहिले.

१३ मे १८७९ च्या रात्री आग लागली. बुधवार वाडा पूर्ण जळाला, विश्रामबागेचा पुढचा भाग गेला. तो पुन्हा उभा करायला नगरपालिकेने आणि लोकांनी पैसे दिले. पेशव्यांना जाऊन साठ वर्षे झाली होती. माझ्या मते, लोकांनी खिशात हात घातला तो मुख्यतः तिथे मुले शिकत होती म्हणून.

१९३० पासून १९५९ पर्यंत वाड्यात नगरपालिकेची कचेरी होती. १९५० मध्ये महापालिका झाली, बाबूराव सणस पहिले महापौर झाले, तेव्हाही कारभार इथूनच चाले. ज्या वाड्यात कधी पेशव्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, तिथे आता साधा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन जाऊ लागला. कचेरी हलल्यावर पालिकेची छोटी कार्यालये, टपाल कचेरी आणि पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शन असे वेगवेगळे भाडेकरू आले. मधल्या काळात हेळसांडही झाली. गेल्या वीसेक वर्षांत महापालिकेने टप्प्याटप्प्याने दुरुस्ती केली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे वीस वर्षांची जुनी सिस्टीम टिकते, कारण कोणीतरी ती रोज वापरते आणि बंद पडली की लगेच फोन करते. वाड्याचेही तेच झाले. वापर बदलत गेला आणि बहुतेक प्रत्येक बदलात दार थोडे अधिक उघडले.

आपल्या इमारतीसाठी दोन सूचना आल्या आहेत : समारंभांसाठी भाड्याने देणे, किंवा आसपासच्या वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावले आहेत आणि छपराला पैसे लागणार आहेत, हे मान्य. भाड्याच्या उत्पन्नाला माझा विरोध नाही. सुटीच्या दिवशी हॉल जरूर द्यावा. पण इतर दिवशी सकाळ-संध्याकाळ वर्गांत दिवे लागलेले असावेत, आणि ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्यांना ते वर्ग फुकट मिळावेत. आपल्यातल्या कित्येकांना तो कोपरा याच शाळेने दिला होता. संमेलनाच्या दिवशी दुपारच्या सभेत हा विषय आहे. जेवण झाल्यावर लगेच घरी जाऊ नका, सभेला थांबा.