मोबाइल कोणाच्या हातात? तरुणांचे लैंगिक आरोग्य आणि डिजिटल संशोधन

बीड तालुक्यातील नेकनूर हे मांजरसुंबा-केज रस्त्यावरचे बाजाराचे गाव. येथे शासकीय स्त्री रुग्णालय आहे. मात्र अविवाहित मुलीने तेथे एकटीने जाऊन पांढरे पाणी जाणे अथवा गर्भनिरोधन यांविषयी विचारणे सोपे नसते. दारातच कोणीतरी ओळखीचे भेटते. हीच शंका नाव न सांगता, मोबाइलवरून विचारता आली तर? या कल्पनेवर गेली काही वर्षे जगभर संशोधन सुरू आहे.

कल्पना मराठी वाचकाला सर्वस्वी नवी नाही. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (१९२७ ते १९५३) वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना उत्तरे दिली. तेव्हा साधन टपालाचे होते, इतकेच. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणालाच विरोध करून ते थांबविले. केंद्र शासनाने २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आणि २०१७ मध्ये ‘साथिया सलाह’ हे मोबाइल अॅप आणले. पुण्यातील ‘प्रयास’ संस्थेच्या आरोग्य गटाने २० ते २९ वयाच्या १,२४० अविवाहित, सुशिक्षित तरुण-तरुणींचा अभ्यास केला. ‘सेफ जर्नीज’ ही लघुपटांची मालिकाही यूट्यूबवर आणली.

माहिती पोहोचली म्हणजे आरोग्य सुधारले, असे मात्र गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमधील ‘सेफटेक्स्ट’ या चाचणीने ते ठळकपणे दाखविले. क्लॅमिडिया, गनोरिया अशा संसर्गावर नुकतेच उपचार घेतलेल्या १६ ते २४ वर्षांच्या ६,२४८ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला निरोधचा वापर, जोडीदाराला कळविणे, तपासणी याविषयी नियमित संदेश पाठविण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात निरोधचा वापर किंचित वाढला. पण वर्षभरात पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण २२.२ टक्के, तर हे संदेश न मिळालेल्या गटात २०.३ टक्के होते. म्हणजे काळजीपूर्वक तयार केलेल्या संदेशांनंतरही संसर्ग घटला नाही, उलट थोडा अधिकच आढळला. तुलनेचा गट नसता, तर केवळ निरोधच्या आकड्यावरून हा उपक्रम यशस्वी ठरला असता. आपल्याकडे अॅप किती जणांनी उतरवून घेतले, हेच यशाचे माप मानले जाते, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

पुण्याच्या पदवीधरांवरून नेकनूरचा अंदाज बांधणेही धोक्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वर्षांच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व उचल त्यावर मिळते, हे त्यामागचे एक कारण. त्याच पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील केवळ २४.६ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के. शिवाय घरातला मोबाइल बहुधा वडिलांचा, भावाचा किंवा नवऱ्याचा. त्यावर गर्भनिरोधक गोळ्यांचा संदेश झळकला, तर ज्या मुलीसाठी तो पाठविला तिचीच चौकशी सुरू होते. तिथे गुप्तता पाळायची तर पडद्यावर काहीच न उरणारी दूरध्वनी सेवा चकचकीत अॅपपेक्षा उपयोगी पडू शकते.

कायद्याचीही अडचण आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर संशोधन करायचे तर पालकांची संमती साधारणतः लागते. ‘पोक्सो’ कायद्यानुसार (२०१२) अल्पवयीन व्यक्तीचा लैंगिक संबंध कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी गर्भपाताच्या प्रकरणांत डॉक्टरांनी अल्पवयीन मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा दिली. मोबाइलवरून प्रश्न विचारणाऱ्या संशोधकाला तिचा आधार घेता येईल असे दिसत नाही. परिणामी सोळा वर्षांची विवाहित मुलगी, जिला सल्ल्याची गरज सर्वाधिक, ती अभ्यासातून वगळली जाते.

राहिला प्रश्न पाठपुराव्याचा. दिवाळीच्या सुमारास नेकनूर परिसरातील अनेक कुटुंबे फडावर निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरात नाव नोंदविलेली तरुणी जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या पालावर असेल. मोबाइल चार्ज करण्याची सोय तेथे असेलच असे नाही. अभ्यासाचे वेळापत्रक पंचांगाप्रमाणे नव्हे, गाळप हंगामाप्रमाणे आखावे लागेल.