कस्तुरीच्या गावात घर कुणाच्या नावावर?

गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब संपला की आमच्याकडे घराचा विषय हमखास निघतो. कुणाला प्लॉट घ्यायचा असतो, कुणाला खोली भाड्यानं द्यायची असते, कुणाला भावानं सहीसाठी बोलावलेलं असतं. अशाच एका बैठकीत एक म्हातारी आई म्हणाली, "पोरी, चाळीस वरसं हे घर म्या सारवलं. पन माह्या नावाचा एक कागद कोठं हाय वं?" आम्ही सगळ्या गप्प बसलो. आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे, आणि ते आम्ही आपल्या कारंजा लाडच्या इतिहासातूनच शोधणार आहोत.

कारंज्याला जुने लोक कस्तुरीचं कारंजा म्हणतात. गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावात आला. एवढा महागाचा माल घेणार कोण? तेव्हा गावातल्या एका धनाढ्य जैन सावकारानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीचं बांधकाम चाललं होतं, त्या चुन्यात ती कालवून टाकली. गोष्ट खरी किती आणि रचलेली किती, तो वाद बाजूला ठेवू. पण बघा, भिंतीत काय कालवलं ते गावानं शेकडो वर्षं लक्षात ठेवलं. त्या हवेलीत चूल पेटवणारी बाई कोण होती, तिचा त्या घरावर हक्क काय होता, हे मात्र गोष्टीत कुठंच येत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाच्या पुस्तकातली. १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटल्यानंतर मराठ्यांची फौज वऱ्हाडात उतरली आणि तिनं कारंजा लुटलं. सोनं, चांदी आणि उंची कापड मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला, असं इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात. गावातले श्रीमंत पकडले गेले, पण त्यांच्यातला सगळ्यात मोठा आसामी बाईचा वेश घेऊन निसटला. मराठे बायांना हात लावत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी घरधन्याला बाईचं लुगडं कामी आलं. बाईचं नाव कागदावर यायला मात्र आणखी जवळजवळ तीनशे वर्षं लागली.

आता कापसाकडे वळू, कारण व्यवहार उघड्यावर आणि लिहून का करायचा, हे कारंजा कापसापासूनच शिकलं. १८५३ पासून वऱ्हाड नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा होता. त्या काळी बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी भाव ठरायचे. शेतकरी शेजारी उभा असायचा, पण आपल्या मालाचा काय भाव झाला ते त्याला दिसायचं नाही. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून आजही कारंज्याचंच नाव घेतात. पुढं १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. इंग्रजांना आपल्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हे खरंच. पण गावाला त्यातून एक धडा मिळाला. झाकून केलेल्या सौद्यात दुबळा माणूस बुडतो. भाव उघड असला, माप सगळ्यांसमोर झालं आणि वहीत नोंद राहिली, तर त्याला उभं राहायला जागा मिळते.

घराच्या सौद्यात बाई त्या शेतकऱ्यासारखी आहे. शेजारी उभी, पण रुमालाखाली काय चाललंय ते तिला दिसत नाही. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकेक करून घेऊ.

पहिला प्रश्न माहेरच्या घराचा. "मुलीला वडिलांच्या घरात हक्क आहे का?" याचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलं. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानं विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा झाला, पण तो वाटा मर्यादित होता. तिनं त्यात राहावं, खावं, मनाप्रमाणे विकू मात्र नये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईच्या मालमत्तेची ती मालकी पूर्ण केली आणि वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाइतका वाटा दिला. तरी दोन गाठी राहिल्या. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मानं हिस्सेदार नव्हती. आणि कलम २३ असं होतं की कुटुंब राहत असलेलं घर भावांनी वाटायचं ठरवेपर्यंत बहिणीला वाटणी मागता येत नव्हती. लग्न न झालेली, टाकलेली, वेगळी राहणारी किंवा विधवा मुलगी फक्त तिथं राहू शकत होती. म्हणजे कायद्यानं वाटा दिला आणि दाराची किल्ली भावाकडे ठेवली.

महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लग्न झालेल्या आणि न झालेल्या, सगळ्या मुली मुलांसारख्या हिस्सेदार झाल्या आणि ते कलम २३ पुसलं गेलं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अटही नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत किंवा कोर्टाची वाटणी उकरता येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना लागू आहे. मुस्लिम भगिनींचा वाटा त्यांच्या कायद्यात आधीपासून ठरलेला आहे. मुलीला मुलाच्या निम्मा आणि मुलंबाळं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा. कागदावर ठरलेला तो वाटाही हातात पडतो का, ते मात्र त्यांनीही तपासावं.

यातच हक्कसोड पत्राचा प्रश्न येतो. भाऊ म्हणतो, "ताई, जरा सही कर, नोंद करायची आहे." आम्ही असं सांगतो की कागद घरी आणा, मोठ्यानं वाचून घ्या. त्यावर हक्कसोड असं लिहिलेलं असेल आणि ते रजिस्टर झालं, तर तो वाटा गेला. नंतर फसवणूक झाली म्हणून कोर्टात जाता येतं, पण ती वाट लांबची आणि खर्चाची. भावाच्या मायेनं वाटा सोडायचा असेल तर जरूर सोडा. तो समजून सोडलेला असावा, एवढंच आमचं म्हणणं.

दुसरा प्रश्न सासरच्या घराचा. घर नवऱ्यानं स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर घेतलं असेल, तर ते विकताना बायकोची सही लागत नाही. ऐकून पुष्कळ जणींना धक्का बसतो. म्हणूनच नाव लावणं महत्त्वाचं. आपल्या राज्यात याला मोठा इतिहास आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि कित्येक गावांत शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. २००३ साली सरकारनं ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचं ठरवलं. आज नवऱ्याला राहतं घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्रानं करायचं असेल तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. बाकीचे आकार वेगळे लागतात. आणि नाव नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही. तो राहण्याचा हक्क आहे, मालकी नव्हे. दोन्हींतला फरक ध्यानात ठेवा.

तिसरा प्रश्न घर घेण्याचा. "ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, मग घर पक्कं ना?" नाही. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे. कर कोण भरतो ते त्यावरून कळतं, मालक कोण ते सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांना मालकीचा कागदच नव्हता, म्हणून २०२० पासून ड्रोननं मोजणी करून सनद आणि मिळकत पत्रिका देण्याचं काम चालू झालं. तुमच्या गावात चौकशीला माणसं आली की घरातल्या पुरुषावर सोडू नका. चौकशीत जुनं दप्तरही बघतात, म्हणून नमुना आठवर आपलं नाव आधीच लावून ठेवा.

शहरातल्या घराची आखीव पत्रिका बघा. विदर्भातल्या शहरांत काही जागा नझुलाच्या, म्हणजे सरकारनं पट्ट्यानं दिलेल्या असतात. तिथं पट्ट्याची मुदत आणि अटी वाचल्याशिवाय इसार देऊ नका. रजिस्टर ऑफिसात मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या, म्हणजे घर गहाण आहे का, आधी कुणाला विकलं आहे का, ते कळतं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा अकोला दिसला तर घाबरू नका. इसारपावती म्हणजे घर घेतलं असं नाही. मुखत्यारपत्रावर घर विकत घेतलं म्हणूनही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं आहे. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखतानं. आणि एक फायद्याची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून राहण्याचं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली. नवरा-बायकोच्या एकत्र नावावर घेतलं तर ही सूट नाही. मोकळ्या प्लॉटलाही नाही.

चौथा प्रश्न घर विकण्याचा. पैसे पूर्ण मिळाल्याशिवाय ताबा देऊ नका. रक्कम बँकेतून घ्या आणि खरेदीखतात तीच रक्कम लिहिलेली आहे ना, ते बघा. कागदावर कमी आणि हातात जास्त, हा जुना रुमालाखालचाच सौदा आहे. उद्या भांडण झालं तर कागदावरची रक्कमच बोलते.

पाचवा प्रश्न भाड्याचा. आपल्याकडे १९४९ पासून मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा भाडे नियंत्रण हुकूम होता. त्यात भाडेकरूला निघायची नोटीस द्यायलाही आधी नियंत्रकाची लेखी परवानगी लागायची. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी तो हुकूम चालूच राहिला. ३१ मार्च २००० पासून राज्यभरासाठी एकच भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात भाड्याचा करार लिहून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. "अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही," असं पुष्कळ जण सांगतात. तो समज आपल्या राज्यात चालत नाही. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. एकटी बाई खोली भाड्यानं देते तेव्हा हे फार उपयोगी पडतं. आणि भाड्यानं राहणाऱ्या बहिणींनो, पावती मागा. ती देणं मालकाचं कर्तव्य आहे. भांडण झालं म्हणून पाणी किंवा वीज तोडायचा त्याला अधिकार नाही.

त्या म्हातारीच्या घराचं आम्ही काय केलं, ते सांगून थांबतो. गटातल्या दोघी तिच्यासोबत ग्रामपंचायतीत गेल्या आणि नमुना आठचा उतारा काढला. त्यावर नवऱ्याचं नाव होतं, आणि तो जाऊन बारा वर्षं झाली होती. वारसांची नावं लावायचा अर्ज तिथंच लिहिला. तिनं अंगठा न लावता सही केली, कारण सही ती गटातच शिकली होती.

तुम्हीही एवढं करा. या आठवड्यात आपल्या राहत्या घराचा उतारा काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या मिळून मोठ्यानं वाचू. नाव असलं तर बरंच झालं. नसलं, तर ते लावायचं काम त्याच दिवशी सुरू करू.