मदत म्हणायचं की कर्ज? कोयना ते महापूर

"महापूर रोखण्यासाठी जागतिक बँकेची मदत." सांगली-कोल्हापूरसाठीचा असा मथळा तुम्ही वाचला असेल. मीही तसा दिलाय, कबूल करतो. पण ती मदत नाही, कर्ज आहे. शब्दानं काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी थोडा आपलाच इतिहास.

कोयनेच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेनं १९५९ मध्ये कर्ज दिलं. १९६२ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी तिच्याच आंतरराष्ट्रीय विकास संघटनेनं दिलं. या संघटनेचं कर्ज त्या काळी जवळपास बिनव्याजी, फेडायची मुदत ५० वर्षं. सवलतीचं खरं, पण कर्जच. तेव्हाचा परवलीचा शब्द होता 'विकास'. शिवसागरात गेलेल्या गावांचा हिशोब त्या शब्दात बसत नव्हता. धरण साठच्या दशकात उभं राहिलं आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये! कोयनेची माणसं अजून मोर्चे काढतायत.

मग शब्द बदलले. १९९२ ला रिओत हवामान करार झाला, १९९७ ला क्योटोत त्याला आकडे जोडले गेले. 'उत्सर्जन घटवणे' हा नवा मंत्र. श्रीमंत देशांनी आपल्याकडचा धूर कमी करण्याऐवजी गरीब देशातल्या स्वच्छ प्रकल्पाकडून 'कार्बन क्रेडिट' विकत घ्यायचं, अशी सोय झाली. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला की एक क्रेडिट. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर, ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरू लागल्या त्या आधी करसवलतीमुळे. पुढे त्यातल्या काही या योजनेत नोंदल्या गेल्या. क्रेडिट मिळालं पवनचक्कीच्या मालकाला. ज्याची जमीन गेली त्याला जमिनीचा जो काय दर ठरला तेवढाच. २००८ च्या सुमारास २० युरोंच्या वर गेलेलं हे क्रेडिट २०१२ संपताना एका युरोच्याही खाली आलं. बाजारच तो.

आता पुराचं बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. पुन्हा जुलै २०२१ मध्ये पूर आला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला.

इथं तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत. पवनचक्की म्हणजे उत्सर्जन घटवणे. पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवणं, भिंती बांधणं, आधी इशारा देणं म्हणजे 'अनुकूलन', बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं. आणि जे वाहून गेलं, जे गाडलं गेलं, ते 'हानी आणि नुकसान'. पहिल्यात नफा आहे म्हणून खासगी पैसा येतो. दुसऱ्यात नफा नाही, म्हणून सरकार कर्ज काढतं. आपल्या महापुराचा प्रकल्प या दुसऱ्या खणातला. फेड होणार तुमच्या-आमच्या करातून.

तिसऱ्याला तर कित्येक वर्षं कुणी वालीच नव्हता. छोट्या बेटांचे देश १९९१ पासून मागत होते, निधीचा निर्णय झाला २०२२ मध्ये, शर्म अल शेखच्या परिषदेत. गंमत म्हणजे हा निधी तूर्त सांभाळायला दिलाय जागतिक बँकेकडेच.

श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला वर्षाला १०० अब्ज डॉलरचं वचन दिलं होतं, २०२० पर्यंत पुरं करायचं. त्यांच्याच हिशोबानं ते पुरं झालं २०२२ मध्ये, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाचा. म्हणजे वचनाच्या वहीत कर्जही 'मदत' म्हणूनच चढतं. आपण मथळ्यात 'मदत' लिहिलं की त्या वहीवर आपलीही सही.

२०१९ च्या पुरानंतर ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं. ते आलं सरकारी तिजोरीतून. घरातला चिखल काढून झाल्यावर त्या पैशात काय काय बसलं, हे पलूस-मिरज भागातल्या वाचकांनी खाली लिहा. मी पुढची बातमी त्यावरून करणार आहे.