कवीच्या हाती जबडा

गटे म्हटला की आपल्याला आठवते ते 'शाकुंतल'. ते डोक्यावर घेऊन तो नाचला, ही आख्यायिका आपण वर्गावर्गांतून पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. जर्मन 'शाकुंतल' निघाले १७९१ साली. त्याच्या सात वर्षे आधी या कवीला आनंदाने वेडे केले होते ते एका हाडाने, हे मात्र आम्हीही फार उशिरा वाचले.

प्राण्यांच्या वरच्या जबड्यात, पुढचे पटाशीचे दात ज्यात रोवलेले असतात, ते एक वेगळे हाड असते. माणसात ते नाही, असे कांपर, ब्लूमेनबाख यांच्यासारखे अधिकारी पुरुष सांगत. कांपरच्या लेखी तर वानर आणि माणूस यांना वेगळे करणारी खूण तीच होती. मनुष्यत्वाचा एवढा भार एका हाडाच्या अभावावर! २७ मार्च १७८४ रोजी येना येथे शरीरशास्त्रज्ञ लोडरसमवेत कवट्या ताडून पाहताना गटेला ते माणसातही आढळले. गर्भावस्थेत ते स्पष्ट असते. पुढे शेजारच्या हाडाशी एकजीव होते आणि टाळूवर शिवणीची पुसट खूण तेवढी उरते. त्याच रात्री त्याने हेर्डरला पत्र लिहिले.

पंडितांनी कवीचे ऐकले नाही. कांपरने वॉलरसाच्या जबड्यातले हाड मान्य केले, माणसाच्या नाही. निबंध छापून यायला १८२० साल उजाडले. शिवाय पॅरिसच्या व्हिक दाझीर याने हीच गोष्ट आधी नोंदवली होती, तेव्हा शोधाचा पहिला मान गटेला देता येत नाही. आम्हाला तो वाद गौण वाटतो. महत्त्वाचे आहे ते त्याने क्नेबेल या मित्राला कळवलेले मत: माणूस आणि पशू यांतला भेद कोणत्याही एका अवयवात सापडणार नाही. समीक्षेत एखाद्या प्रतिमेवर संपूर्ण कविता टांगणाऱ्या आम्हा मंडळींना हे जरा झोंबावे. (संस्कृतात 'हनु' म्हणजे जबडा, माणसाची हनुवटी आणि वानरांतला हनुमान, दोघांच्या नावांत तो आहेच.)

त्याच वर्षी ताडून पाहण्यासाठी गटेने हत्तीची कवटी मागवली. लोकांनी वेडा ठरवू नये म्हणून आयझेनाखच्या मुक्कामी ती अगदी आतल्या खोलीत लपवून ठेवली. त्या अवाढव्य पेटीत चिनी मातीची भांडी आहेत, अशी घरमालकिणीची समजूत होती.