उतरलेलें वस्त्र

जुन्या कपड्यांचा व्यापार आतां घरबसल्या मोबाइलवर चालतो. त्यांत कापसाची, पाण्याची व श्रमाची बचत होते, हें खरें. परंतु अंगावरून उतरलेलें वस्त्र दुसऱ्यास देतांना देणाऱ्याचें कर्तव्य कोठें संपतें, हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे.

ता. ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईस परळ येथें महात्मा गांधींच्या हस्तें विलायती कापडाची मोठी होळी झाली. दीनबंधु अँड्र्यूज यांस तें रुचलें नाहीं. रवींद्रनाथ ठाकुरांचेंही म्हणणें असें पडलें कीं, ज्यांच्या अंगावर वस्त्र नाहीं त्यांचे हे कपडे. ते जाळणारे आपण कोण? गांधींनीं उत्तर दिलें कीं, उघड्या माणसाला खरी गरज कामाची आहे. त्याच्यापुढें कपडे टाकणें हा त्याचा अपमान होय. त्याच वर्षीं २२ सप्टेंबरास मदुराई येथें त्यांनीं सदऱ्याचा त्याग करून आखूड पंचा पत्करला.

या वादांत दोन्ही पक्षांकडे सत्य होतें, हें मला सूरजागडाकडे कळलें. एटापल्ली तालुक्यांतील हा लोहखनिजाचा डोंगर. भोंवतालीं माडिया गोंडांची वस्ती. शहरांतून आलेली कपड्यांची गाडी तेथल्या एका गांवीं रिकामी होतांना मीं पाहिली. दिवस थंडीचे; लोकांची दृष्टि स्वेटर-घोंगड्यांकडे. निघाले काय? जरीचे झगे, बटणें तुटलेले सदरे, जोडी नसलेले मोजे. एका म्हाताऱ्यानें कोट उलटासुलटा करून पाहिला आणि न बोलतां घडी घालून परत ठेविला. त्याच्या कुडकुडण्यानें मला रवींद्रनाथांचा प्रश्न समजला. त्या घडीनें गांधींचें उत्तर.

याच अरण्यांत हेमलकसा येथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. माडियांच्या अंगावर वस्त्र नाहीं हें पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनीं स्वतःचाच वेष बनियन व अर्ध्या विजारीवर आणिला. दुसऱ्यास देण्यापूर्वीं आपलें कमी करावें, हा तो धडा.

देवाणघेवाणीची रास्त रीतही आपल्या दारांतच होती. आमच्या लहानपणीं बोहारीण येई. लुगडें उजेडांत धरून विरलें आहे कीं काय तें पाही, आणि मोबदला म्हणून स्टीलचें पातेलें देई. घासाघीस पुष्कळ होई. पण उपकार कोणाचा कोणावर नसे. १९९९ सालीं दिल्लींत निघालेली ‘गूंज’ संस्था तोच विचार पुढें नेते. गांवकरी विहीर, रस्ता, बंधारा अशीं गांवचीं कामें करितात व त्यांचा मोबदला म्हणून कपडे घेतात.

मोबाइलवरील व्यापाऱ्यानें एवढें शिकावें. वस्त्राचा दोष झांकूं नये. धुणाऱ्या-शिवणाऱ्यास योग्य मजुरी द्यावी. न खपलेला ढीग दानाच्या नांवाखालीं रानांतल्या गांवीं लोटूं नये. आणि विकणाऱ्याची नव्याची हांव सुटली नाहीं, तर हा सारा उद्योग कपाटांत जागा करण्याची युक्ति ठरेल. वस्त्र जुनें असो. तें घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे.