'डू' नंतर आला

इनडायरेक्ट स्पीचचा नियम तुम्हीही घोकला असेल: प्रश्न असेल तर 'डू' काढा, कर्ता क्रियापदाच्या आधी घ्या, काळ मागे न्या. 'व्हेअर डू यू लिव्ह?'चं होतं 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. शिकवणीत मीही हेच सांगतो, मार्क त्यालाच मिळतात. पण इतिहास उलटा आहे. या दुसऱ्या वाक्यातून 'डू' कुणी काढलेला नाही. तिथे तो कधी आलाच नव्हता.

१४व्या शतकात, चॉसरच्या काळी, प्रश्न विचारताना मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे यायचं. 'व्हेअर लिव्ह यू?' या धर्तीवर. प्रश्नातल्या 'डू'नं जोर धरला तो १६व्या शतकात. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. आल्वार एलेगॉर्ड या स्वीडिश अभ्यासकानं जुने मजकूर चाळून 'डू'च्या या वाढीची चक्क मोजदाद केली आणि १९५३मध्ये ती छापली. (कोण चिकाटी!) या सगळ्या उलथापालथीत सांगितलेला प्रश्न मात्र जागचा हलला नाही. तिथे कर्ता आधीच पुढे होता, त्यामुळे 'डू'ची गरजच पडली नाही. बदलला तो थेट प्रश्न, आणि आपण मात्र त्यालाच मूळ धरून दुसरं वाक्य 'बनवतो'.

'व्हेदर'चंही तसंच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'दोघांपैकी कोणता'. हो की नाही, या दोनांपैकी कोणतं, म्हणून तो तिथे बसला.

मराठीत आपण म्हणतो, 'तू कुठे राहतोस, असं त्यानं विचारलं.' प्रश्न जसाच्या तसा. म्हणून मुलं 'ही आस्क्ड मी व्हेअर डू यू लिव्ह' लिहितात आणि लाल शाईनं वाक्य खोडलं जातं. त्यात त्यांचं डोकं कमी पडत नाही, मराठी आड येते. आयर्लंडमध्ये असंच घडलं. आयरिश भाषेत आपल्या 'का'सारखा एकच शब्द थेट आणि सांगितलेल्या, दोन्ही प्रश्नांत चालतो. तिथल्या इंग्रजीतही मग 'इफ' गळतो आणि प्रश्नाचा उलटा क्रम तसाच राहतो. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स'मधल्या (१९१४) 'ॲरबी' कथेत एक मुलगी निवेदकाला बाजाराला जाणार का विचारते, ते वाक्य नेमकं याच वळणाचं आहे. जॉइसनं ते तसंच ठेवलं.

बोर्डाच्या पेपरात त्या वाक्याला मला अर्धा मार्कही देता येणार नाही.