भायखळा-परळ : एका जुन्या मतदारसंघाची हकीकत

निवडणुकीत मत कोणाला पडले याची चर्चा आपल्याकडे चावडीवर, पारावर भरपूर होते. मत मोजण्याचा नियम काय होता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतही त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. म्हणून आज एका जुन्या मतदारसंघाची हकीकत सांगतो.

त्याचे नाव ‘मुंबई शहर, भायखळा आणि परळ’. 1935 च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताला 175 सभासदांची विधानसभा मिळाली, तेव्हा हा मतदारसंघ जन्माला आला. त्याने 1937 आणि 1946 अशा दोन निवडणुका पाहिल्या. पुढे स्वतंत्र भारतात नवी आखणी झाली आणि तो नाहीसा झाला. मुलूख गिरणगावचा. भोंग्यावर उठणारी, चाळीतल्या एकेका खोलीत दाटीने राहणारी कोकण-घाटावरची माणसे. त्या काळी मताचा हक्क सरसकट नव्हता. सारा, भाडे, कर किंवा शिक्षण यांच्या अटी होत्या आणि ब्रिटिश मुलखातल्या सुमारे चौदा टक्के लोकांनाच मत होते.

1932 च्या पुणे कराराने दलितांसाठी प्रांतोप्रांती राखीव जागा ठरल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला पंधरा आल्या. जागा राखीव, पण तिच्यासाठी मत देणार सर्व हिंदू मतदार, असा तो करार होता. आता खरी मेख इथेच आहे. राखीव जागेवर अस्पृश्य समाजातला माणूस निवडून येणार हे ठरलेलेच. पण तो कोणाच्या पसंतीचा? त्याच्या समाजाच्या, की इतरांच्या?

याचे उत्तर मत मोजण्याच्या रीतीवर अवलंबून होते. राखीव जागा असलेल्या मतदारसंघात एकाहून अधिक जागा असत आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. मुंबई प्रांतात ही सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह याच रीतीसाठी होता. आग्रह का, ते हिशेबाने पाहू. समजा एक हजार मतदार आहेत आणि जागा तीन. त्यांतले तीनशे एका विचाराचे. त्यांनी आपली तिन्ही मते एकाच माणसाला दिली तर त्याच्या पेटीत नऊशे मते पडतात. उरलेल्या सातशेंची मते एकवीसशे. ती तिघांत सारखी वाटली तर प्रत्येकाला सातशेच! म्हणजे तीनशेंचा माणूस सर्वांत वर. पण ‘एका उमेदवाराला एकच मत’ असा नियम केला, की त्याच माणसाला तीनशे आणि बाकीच्या तिघांना सातशे सातशे. मतदार तेच, मनेही तीच. निकाल मात्र उलटा. गुरुजनांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे, मुलांना लगेच कळते.

फेब्रुवारी 1937 मध्ये भायखळा-परळमधून बाबासाहेब उभे राहिले. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष 1936 च्या ऑगस्टमध्येच स्थापन झाला होता. काँग्रेसने त्यांच्यासमोर साधासुधा माणूस दिला नव्हता. पाळवणकर बाळू हे चांभार समाजातले, डाव्या हाताचे नामांकित फिरकी गोलंदाज. 1911 च्या विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे. निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना 13,245 मते पडली होती, बाळूंना 11,225. अंतर फार नव्हते. यात एकेका माणसाची एकाहून अधिक मते धरलेली असू शकतात, हे विसरू नये.

निवडून आल्यावर या सभासदाने सप्टेंबर 1937 मध्ये कोणते विधेयक मांडले? कोकणातली खोती नष्ट करण्याचे! मुंबईच्या गिरणी भागाचा प्रतिनिधी आणि रत्नागिरीच्या खोतांचा प्रश्न, हे वरवर विचित्र वाटेल. पण साच्यावर उभा असलेला माणूस गावी खोताचे कूळ होता. त्याच्या दोन्ही ओझ्यांची जाण त्या सभासदाला होती, असे मला वाटते. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला आणि नोव्हेंबरात औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध गिरण्यांत संप झाला. ते विधेयक काही तेव्हा पार पडले नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 साली केलेल्या कायद्याने.

1946 ची निवडणूक वेगळ्या वाऱ्याची. काँग्रेसची लाट आली आणि आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. पुणे कराराप्रमाणे जिथे राखीव जागेला चाराहून अधिक उमेदवार असत, तिथे आधी फक्त दलित मतदारांची प्राथमिक फेरी होई. त्या फेरीत फेडरेशनचे पारडे काँग्रेसपेक्षा जड होते. सर्वांच्या अंतिम फेरीत ते उलटले.

मग 1952 ची पहिली लोकसभा. आता एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले, ही केवढी मोठी मजल! पण त्याच वेळी जुनी मुभा गेली. गिरणगावाचा बराच भाग ‘मुंबई शहर उत्तर’ या दोन जागांच्या मतदारसंघात आला होता. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका, आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई, दुसरी बाद. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना 1,38,137 मते पडली आणि बाबासाहेबांना 1,23,576. फरक 14,561 चा. आणि बाद मते 74,333! ‘मते कुजवली’ हा शब्द त्या दिवसांत लोकांच्या तोंडी बसला. दुसरे मत वाया घालवा असा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि सर्वसाधारण जागेवर हरलेले समाजवादी अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला.

दोन जागांचे मतदारसंघ 1957 च्या निवडणुकीतही होते. 1961 साली संसदेने कायदा करून ते मोडले. तेव्हापासून राखीव असो वा नसो, लोकसभेच्या आणि विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातून एकच सभासद निवडला जातो आणि मतदाराच्या हाती एकच मत असते.